मेन स्विचवरचं रत्नाचं कार्ड

रत्ना,

काल तुझं कार्ड मेन स्विचवरून उतरलं. या वेळी तुला न विचारता नाही. तुझ्याच नियमाने, रीतसर, तुझ्या बाबूजींच्या समोर. कसं उतरलं ते तुला सांगणं भाग आहे, कारण ज्याचं कार्ड त्याला ते कोणी आणि कसं काढलं हे कळलंच पाहिजे, असं म्हणून म्हणून तू बारा वर्षं माझं डोकं खाल्लंस.

तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. लोक येतात, 'फार हुशार बाई होती' म्हणतात, चहा पिऊन जातात. मी हो हो करतो. हुशार तू होतीसच, पण त्याहून जास्त हट्टी होतीस, आणि ते कोणी बोलत नाही. गेलेल्या माणसाचे फक्त गुण सांगायचे असतात, म्हणे. आपल्यात तसं काही ठरलं नव्हतं, म्हणून मी दोन्ही सांगणार आहे.

आयटीआयमध्ये आपण एकाच वर्षी होतो. मी टर्नर, तू इलेक्ट्रिशियनच्या वर्गातली एकटी मुलगी. पुढे दोघांनी मिळून हिंगणा एमआयडीसीत शेड घेतली तेव्हा वाटणी सोपी होती, प्रोग्राम माझा आणि पॅनेल तुझं. धातू कापणारी सीएनसी मशीनं दोन, आणि दोघांत मिळून रोटरी एक. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडून गोल फिरवणारं ते जड धूड. टेबलावर बोल्टने कसलं, त्याच्या दोन वायरी मशीनला जोडल्या, की मशीनला तीनाऐवजी चार अक्ष मिळतात आणि एकाच पकडीत जॉबच्या सगळ्या बाजू कापून होतात. दुसऱ्या मशीनवर तसलं काम आलं की इथून सोडा, तिथे जोडा. महिन्यातून चारपाचदा तरी. आपली सगळी भांडणं या सोडण्या-जोडण्यावरून झाली.

माझ्या मते ते पंधरा मिनिटांचं काम. इमर्जन्सीचं लाल बटण दाबायचं, दोन प्लग उपटायचे, बोल्ट सोडायचे. तुझ्या मते एक तासाचं. आधी रोटरी शून्यावर आणायची. मग स्क्रीनवर सेटिंगमध्ये जाऊन चौथा अक्ष बंद करायचा, नाहीतर पुढच्या वेळी मशीन सुरू होताच ते हरवलेल्या मोटरसाठी बोंबलत बसतं. मग इमर्जन्सी, मग कंट्रोल बंद, मग मेन खाली. आणि मेन खाली गेला तरी प्लगला हात नाही. "इमर्जन्सी दाबली म्हणजे मोटर थांबली गा, लाइट नाही गेली," हे तू मला किती वेळा ऐकवलं असशील. मोटरला वीज पुरवणाऱ्या ड्राइव्हच्या पोटात वीज साठून राहते. त्याचा लाल दिवा विझेपर्यंत थांबायचं, विझल्यावर आणखी पाच मिनिटं थांबायचं, आणि तरीही मीटर लावून पाहायचं. ती पाच मिनिटं तू बडीशेप चघळत उभी राहायचीस आणि मी घड्याळाकडे बघून तोंड वाकडं करायचो. मग हवेचा नळ बंद करून पाइपमधली हवा सोडायची, आणि त्यानंतर कुठे प्लग. आधी जाड, मग बारीक. वायरीला धरून ओढायचं नाही, प्लगची रिंग हाताने फिरवायची. सुटलेल्या टोकांवर लगेच टोप्या, कारण कापताना जॉबवर सोडतात त्या कूलंटचा एक थेंब पिनांत गेला की महिनाभर मशीन नखरे करतं.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी, मेन खाली केल्या केल्या, कार्ड.

ते तू कोराडीहून आणलंस. बाबूजी तिथल्या वीज केंद्रात होते, तू कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये वाढलीस, आणि बाकीच्या घरांत जेवताना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोष्टी निघतात तशा तुमच्या घरी परमिटच्या, म्हणजे लाइन बंद करून काम करायच्या परवान्याच्या, निघायच्या. माणूस कामावर गेला की त्याच्या नावाचं कार्ड स्विचवर लागणार. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. लाइन चालू करण्याआधी इंचार्जने एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची आणि त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने 'क्लिअर' म्हणायचं. दुसऱ्याच्या वतीने कोणी बोलायचं नाही. ओ आली नाही, तर जाऊन बघायचं. आपल्या शेडमध्ये माणसं किती, तर तू, मी आणि दोन ऑपरेटर. तरी तू तेच चालवलंस.

"हे काय कोराडी आहे वं?" मी चिडवायचो. "धुराची चिमणी दिसून राहिली का तुले इथून?"

"चिमणी नाही दिसत, तू दिसून राहिला," तू म्हणायचीस. "म्हणूनच लावते कार्ड."

एकदा मी तुला कोंडीत पकडायला बघितलं होतं. "समज, कार्ड लावलं अन् तू आलीच नाही, मंग?"

"फोन कर. येईन मी."

"अन् नाहीच आली तर?"

"येईन ना गा. कुठं जाते मी?"

आणि आलीसही होतीस. चुलत बहिणीच्या लग्नाच्या दिवशी तू कार्ड काढायचं विसरलीस, मी मुद्दाम फोन केला, आणि तू हॉलमधून स्कूटर काढून आलीस. काठापदराची साडी, गजरा, हातावर मेंदी. मागे जाऊन वाकून पाहिलंस, कार्ड काढलंस, मला दोन शब्द ऐकवलेस आणि परत पंगतीला गेलीस. आम्ही तिघे हसत बसलो. पण त्या दिवसापासून ऑपरेटर लोक तुझं कार्ड लटकत असलं की बिनधास्त मशीनमध्ये डोकं घालू लागले. मीही घालायचो. हे तुला कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तू आणखी दोन नियम काढले असतेस.

आता ते दुसरं. सहा वर्षांपूर्वीचं, ज्यावर आपण कधीच बोललो नाही.

तेव्हा तुझं कार्ड पुठ्ठ्याचं होतं, बिस्किटाच्या खोक्याचं, सुतळीने बांधलेलं. माल न्यायला गाडी दाराशी उभी होती आणि शेवटचे जॉब कापायचे राहिले होते. तू रोटरी जोडायला घेतली होतीस. मी पॅनेलपाशी आलो, तू दिसली नाहीस. वाटलं, जोडून झालं, चहाला गेली, कार्ड काढायचं राहिलं. मी हाक मारली नाही. मागे जाऊन पाहिलं नाही. पॅनेल मशीनच्या उजव्या अंगाला, रोटरीचं सॉकेट मागे डाव्या अंगाला, मध्ये सात पावलं. मी सुतळी तोडली, पुठ्ठा बाजूला फेकला, मेन वर केला, कंट्रोल सुरू केला आणि इमर्जन्सी सोडली. दुसरं मशीन जोरात चालू होतं, त्यामुळे तुला या मशीनचा पंखा ऐकू आला नाही. तू मागे पाटावर बसून जाड प्लग सॉकेटमध्ये घालत होतीस. ठिणगी उडाली, ड्राइव्ह जळाला, आणि तू साधं ओरडलीसही नाहीस. उजवा अंगठा तोंडात घालून बाहेर आलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि मेन खाली केलास.

ड्राइव्ह दुरुस्त करायला माणूस आला तेव्हा मी त्याला म्हणालो, "वरून लाइट कमीजास्त झाली असंल." तू तिथेच उभी होतीस, अंगठ्याला पट्टी बांधून. काही बोलली नाहीस. नंतर आठ दिवस माझ्याशीही बोलली नाहीस. नवव्या दिवशी म्हणालीस, "चहा घे गा मोरू," आणि मी तो घेतला आणि समजलो की मिटलं. माफी मागायची राहून गेली, असं मी स्वतःला सांगत आलो. राहून गेली नाही. मी टाळली. बारा वर्षांत आपल्या शेडमध्ये विजेने एकाच माणसाला इजा झाली, ती तुला, आणि ती माझ्या हाताने.

पुढच्या आठवड्यात पत्र्याचं कार्ड आलं. लाल रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'हात आत आहे' आणि खाली 'रत्ना'. सोबत कुलूप, त्याची चावी एकच. मला तो टोमणा वाटला. सहा वर्षं मी त्या पत्र्याकडे टोमणा म्हणूनच बघत राहिलो आणि मनातल्या मनात तुझ्यावर कुरकुरत राहिलो. चूक माझी आणि राग तुझ्यावर, असा माझा कारभार.

मग तो गुरुवार. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. तू कार्ड लावलंस, कुलूप घातलंस, जाड प्लग सोडलास, त्याच्या टोप्या बसवल्यास आणि थांबलीस. बारीक प्लगची, म्हणजे मोटर किती फिरली ते मशीनला कळवणाऱ्या वायरीची, टोपी तडकली होती.

"प्लास्टिकची पन्नी बांध अन् वरून रबर लाव," मी म्हणालो.

"पन्नीत घाम धरते. पिना हिरव्या होतात."

"एका टोपीसाठी मशीन उभं ठेवतं का वं?"

"तुले काहून एवढी घाई होऊन राहिली? सीताबर्डीच्या बाजारात भेटते टोपी. जातानी घेते, उद्या सकाळी लावते."

"कर तुले करायचं ते. तुह्या कोराडीनं वेड लावलं मले."

हेल्मेट उचललं आणि निघालो. मागे वळूनही पाहिलं नाही. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते.

शुक्रवारी सकाळी नंदनवनच्या घरी चहा ठेवता ठेवता तू ओट्यापाशी पडलीस. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणाले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मशीन तसंच उभं राहिलं. मेन खाली, कुलूप, कार्ड. गिऱ्हाइकाचे फोन येत होते, मी उचलत नव्हतो. एक ऑपरेटर चांगल्या मनाने म्हणाला, "भाऊ, कटर लावू का कुलपाले?" मी त्याच्यावर असा खेकसलो की तो दिवसभर समोर आला नाही. चावी कुठे असेल ते मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी जाऊन बाबूजींसमोर सतरंजीवर तासभर बसलो. समोर खुंटीला तुझी पर्स लटकत होती. बापाजवळ काय म्हणून मागायची चावी? आणि खरं सांगतो, चावी हातात आली असती तरी ते कार्ड मी काढलं नसतं. एकदा काढलं होतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी बाबूजींचाच फोन आला.

"मोरेश्वर, पोरीच्या पर्समदी एक चावी निघाली गा. अन् एक काळी टोपी, पलास्टिकची. कायची आहे?"

टोपी. म्हणजे मी चिडून गेलो आणि तू सीताबर्डीला थांबून टोपी घेतलीस. टोपी कशाची ते त्यांना सांगितलं. मग मशीनचं सांगितलं.

"कार्ड लटकूनच आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे परमिट उघडं आहे. हात नको लावू. मी येतो."

काल आले. मेट्रोने एकटेच आले, शेवटच्या स्टेशनवरून मी त्यांना गाडीवर आणलं. पांढरा सदरा, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी. शेडमध्ये शिरल्यावर बसा म्हटलं तर बसले नाहीत. आधी कॉम्प्रेसर बंद करायला लावला, मग दुसरं मशीन. ऑपरेटरांना बाहेर उभं केलं. तुझं कार्ड हात न लावता वाचलं. मग माझ्याकडे वळले.

"तुहं कार्ड कुठी आहे?"

"माह्यं कार्ड नाही, बाबूजी."

"असं कसं? दोन बनवले होते मी. एक तिचं, एक तुहं. उघड पॅनेल."

मी पॅनेल उघडलं. रत्ना, बारा वर्षांत पहिल्यांदा. दाराच्या आतल्या बाजूला, हुकाला, लाल पत्रा. 'हात आत आहे', आणि खाली माझं नाव. रंगाला ओरखडा नव्हता. सहा वर्षं ते दाराआड होतं आणि मी रोज त्या दाराला पाठ लावून प्रोग्राम लिहीत होतो. तू ते कधी देणार होतीस, की मी मागायची वाट बघत होतीस, हे आता कोणाला विचारू?

"वापरलं नाही काहून?" बाबूजींनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं. दाराशी उभी गाडी, सुतळी, ठिणगी, 'लाइट कमीजास्त झाली असंल', आठ दिवसांचा अबोला. पॅनेलला धरून उभ्याउभ्या सांगितलं.

"कोणता हात?" शेवटी एवढंच विचारलं.

"उजवा. अंगठा."

"मले म्हणे, तव्याचा चटका बसला." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "पुठ्ठा भिजते बाबूजी, पत्र्याचं करून द्या. एवढंच बोलली होती."

मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या, मी तयार होतो.

"लाव तुहं कार्ड," ते म्हणाले. "तिच्या खाली. अन् मीटर घे."

"पंधरा दिवसांपासून मेन खाली आहे, बाबूजी. आता काय राहिलं असंल त्यात?"

"मीटर लाव."

तुझा तो आवाज कुठून आला ते काल कळलं. मीटर लावलं, शून्य. हवेचा नळ पाहिला, तू बंद केलेलाच होता. मग मागे जाऊन बारीक प्लगची रिंग हाताने फिरवली, प्लग सरळ बाहेर काढला. पिना पिवळ्याधमक, कूलंटचा थेंब नाही. तू आणलेली टोपी बसवली. अर्थातच बरोबर मापाची होती. साखळीवर रोटरी उचलून बाजूला ठेवली, पॅनेल लावलं. मला हे सगळं करायला सव्वा तास लागला. तुझ्यापेक्षा पाव तास जास्त, हे लिहून ठेवतो, तुला बरं वाटेल.

"आता नावं," बाबूजी म्हणाले, आणि मेनपाशी ताठ उभे राहिले. "मोरेश्वर!"

"क्लिअर." मी माझं कार्ड माझ्या हाताने काढलं.

"रत्ना!"

शेडमध्ये काहीच चालू नव्हतं. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो गेल्यावर तोही आवाज नाही. दारात उभे असलेले दोघे ऑपरेटर खाली मान घालून होते. बाबूजी कान देऊन उभे. मला ते सहन होईना, मी तुझ्या वतीने 'क्लिअर' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ओ नाही आली," ते म्हणाले. "जाऊन पाहून ये."

मी गेलो. सात पावलं. मशीनच्या मागे तुझा पाट भिंतीला टेकवून ठेवला होता. सॉकेटच्या वरच्या पट्टीवर हात पुसायचं फडकं, घडी घातलेलं, आणि शेजारी बडीशेपेची डबी. मघाशी प्लग काढताना मी या दोन्हींकडे बघायचं टाळलं होतं. मी वाकलो. सॉकेटच्या बाजूला पाहिलं, टेबलाच्या खाली पाहिलं, कूलंटच्या टाकीमागे पाहिलं. त्या दिवशी जसं पाहायला हवं होतं तसं पाहिलं. मग म्हणालो, "रत्ना, चूक माही होती." मोठ्याने म्हणालो. बाबूजींना ऐकू गेलं असेल.

परत येऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"मागं कोणी नाही, बाबूजी."

त्यांनी चावी लावून कुलूप उघडलं. तुझं कार्ड काढलं, फडक्याने पुसलं आणि कापडी पिशवीत ठेवलं.

"मंग लाव," ते म्हणाले.

मी मेन वर केला.